डाळ-पन्ह्याला या: चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या प्रकल्प नोंदी

२३ मार्च २०२५, रविवार

यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू मनापासून आणि देखणं करायचं ठरलं. जागा कोथरूडमधला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉल दहा बाय सोळा फूट, त्याला लागून पश्चिमेची बाल्कनी. येणाऱ्या बायका चाळीस-बेचाळीस. करणाऱ्या आम्ही चौघी: सासूबाई, जाऊबाई, मी आणि माझी लेक. लेकीची दहावीची परीक्षा नुकतीच संपली आहे, म्हणून मोजमापं आणि रंगकाम तिच्याकडे. स्वयंपाकाचा शेवटचा शब्द सासूबाईंचा. मी हे सगळं वहीत उतरवून ठेवणार आहे, म्हणजे पुढे कुणाला करायचं झालं तर वहीच हातात देता येईल.

हेतू एकच धरला आहे: आलेली बाई निदान तासभर बसली पाहिजे. गेल्या काही वर्षांत हळदीकुंकू दारातच उरकतं. चपलेतून पाय पुरता निघालेला नसतो, तेवढ्यात कपाळाला बोट लागतं, एका हातात पन्ह्याचा कागदी पेला, दुसऱ्या हातात डाळ, मनगटाला ओल्या हरभऱ्यांची प्लास्टिकची पिशवी, आणि ‘अगं, अजून चार घरं करायची आहेत’. महिनाभर गौर घरात पाळण्यात बसते, तिच्या निमित्ताने आलेल्या माणसाला मात्र टेकायलाही मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. सजावट, खाणं, उजेड, बसायची जागा यातलं काहीही ठरवताना हाच प्रश्न विचारायचा: यामुळे ती बसेल का?

तारीख १८ एप्रिल. शुक्रवार आहे आणि गुड फ्रायडेची सुट्टीही आहे, म्हणजे नोकरीवाल्यांनाही यायला जमेल. सासूबाईंनी लगेच एक गोष्ट लक्षात आणून दिली. आमच्या ओळखीत संतोषीमातेचे शुक्रवार करणाऱ्या काहीजणी आहेत आणि त्यांना त्या दिवशी आंबट चालत नाही. डाळीतही कैरी, पन्ह्यातही कैरी. त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी हवंच. वाळ्याचं सरबत आणि कलिंगड, असं तात्पुरतं लिहून ठेवलं.

३१ मार्च, सोमवार

तृतीया. आज गौर पाळण्यात बसली. आमची गौर म्हणजे सासूबाईंच्या माहेरून आलेली वीतभरसुद्धा नसलेली पितळी अन्नपूर्णा. पाळणाही पितळीच, साखळ्यांचा.

आरास कशी करायची यावर दुपारभर बोलणं झालं. जाऊबाईंचं मत होतं की मागे तयार पडदा आणि रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या माळा लावाव्यात, म्हणजे फोटो छान येतात. फोटोंचा मुद्दा मला पटतो, लोक फोटो काढणारच. पण मूर्ती एवढी लहान आहे की मागे काहीही लुकलुकलं की नजर तिच्यावर ठरत नाही. शेवटी तीनच रंगांवर एकमत झालं: मोगऱ्याचा पांढरा, कैरीचा हिरवा आणि खणाचा जांभळा. बाकी पितळ आणि बांबू, म्हणजे मातकट सोनेरी. रंग कमी ठेवले की आहे ते सामान भारदस्त दिसतं, हा माझा आजवरचा अनुभव.

पायऱ्या तीन. खाली जुन्या पुस्तकांचे गठ्ठे आणि दोन तिवया, वर पांढरं धोतर चापूनचोपून, आणि पायरीच्या काठाला खणाची पट्टी. खण घरात होतेच, ओटीत आलेले आणि कपाटात घडीत पडून राहिलेले. खऱ्या गुळेदगुडच्या खणाला काठाचं वेगळं काम असतं, ते वापरताना कापायला जीव होत नाही, म्हणून ते न कापता दुमडून घ्यायचे आणि कार्यक्रम झाला की परत घडी करून ठेवायचे. टाचण्या लावायच्या नाहीत, कच्चे टाके घालायचे.

५ एप्रिल, शनिवार

खरेदीचा दिवस. सकाळी लवकर शहरात गेलो, ऊन चढायच्या आत परतायचं म्हणून.

बुरूड आळीतून दोन सुपं, तीन वेगवेगळ्या मापाच्या टोपल्या आणि एक मोठी रोवळी घेतली. पाळण्यामागच्या भिंतीवर सुपं उलटी लावायची, त्यांची वीण उजेडात सुरेख दिसते. टोपल्या फळांना. रोवळीचं काय करायचं ते विणणाऱ्या मावशींनीच सुचवलं: उपडी टाकून आत दिवा ठेवा. घरी येऊन करून पाहिलं. आत छोटा पिवळा बल्ब ठेवला की भिंतीवर जाळीची नक्षी पडते. बाल्कनीच्या कोपऱ्यासाठी हाच दिवा पक्का. तेलाचा दिवा मात्र रोवळीत कधीही ठेवायचा नाही, बांबू पेटेल.

मंडईत कैऱ्या पाहिल्या. डाळीसाठी आंबट रायवळ कैरीच हवी. तोतापुरी दिसायला लांबट, हिरवीगार आणि किसायला सोपी, पण तिच्यात आंबटपणा बेताचाच. तिचे घोस आराशीला छान दिसतील, खायला रायवळ. आज फक्त चाचणीपुरत्या घेतल्या.

पळसाच्या पानांचे द्रोण मिळाले. कागदी पेले, थर्माकोलच्या वाट्या यातलं काही आणायचं नाही असं आधीच ठरलं होतं. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर तर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे. द्रोणाची अडचण एकच, तो सपाट जागी कलंडतो. त्यावर लेकीने उपाय काढला: स्टीलच्या लहान वाटीत द्रोण बसवायचा. वाटी हातात धरता येते, द्रोण हलत नाही, आणि वाट्या विसळल्या की दुसऱ्या फेरीला तयार.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. दुपारी जन्माचा प्रसाद झाल्यावर पन्ह्याची चाचणी.

दोन प्रकार करून शेजारी शेजारी ठेवले. एक उकडलेल्या कैरीच्या गराचं, दुसरं कच्च्या कैरीच्या किसाचं. कच्च्या कैरीच्या पन्ह्याला वास ताजा येतो, पण ते लगेच प्यायचं, तासाभराने तुरट लागतं आणि किस तळाशी बसतो. चाळीसजणींसाठी उकडलेलंच बरं. गर आणि गूळ एकत्र करून ठेवला की फ्रिजमध्ये चार दिवस मजेत राहतो आणि लागेल तेव्हा पाणी घालता येतं.

ठरलेलं प्रमाण: कैऱ्या उकडून, सालं काढून, गर पुरणयंत्रातून फिरवायचा. एक वाटी गराला दोन वाट्या किसलेला गूळ, चवीला मीठ, वेलचीपूड, केशर. मिश्रणाच्या एका वाटीला तीन ते साडेतीन वाट्या पाणी. कैरीच्या आंबटपणावर गूळ कमीजास्त होतो, म्हणून आधी गर चाखायचा. पावणेदोन किलो कैऱ्यांचा साधारण किलोभर गर निघतो आणि त्याचं बारा लिटरच्या आसपास पन्हं होतं. माणशी दोन फुलपात्रं धरली तरी पुरतं. पिवळ्या गुळाने रंग सोनेरी येतो, काळपट गुळाने चव खोल येते पण रंग चहासारखा होतो. आम्ही निम्मा-निम्मा घेतला.

कशात द्यायचं यावर मात्र बराच विचार करावा लागला. माझ्या डोळ्यांसमोर पितळी घंगाळात पन्हं आणि पितळी फुलपात्रं असं चित्र होतं. सासूबाईंनी घंगाळ उलटं करून दाखवलं: कल्हई कधीच गेलेली. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत कळकतो, चव तर बिघडतेच, शिवाय तो पोटात जाणं चांगलं नाही. पन्हं मातीच्या माठात, वर ओगराळं, आणि प्यायला काचेचे पेले. काचेतून रंगही दिसतो. घंगाळात पाणी भरून मोगरा सोडायचा आणि ते दारातच ठेवायचं. आत येणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी गारवा आणि वास भेटावा.

मधुमेह असलेल्यांसाठी पन्ह्याचा एक लहान जग वेगळा: गूळ नाही, भाजलेलं जिरं, सैंधव, पुदिना. त्यावर चिठ्ठी लावायची नाही. प्रत्येकीला हळूच विचारायचं, ‘गोड की जिऱ्याचं?’

९ एप्रिल, बुधवार

निमंत्रण. या एका गोष्टीवर घरात सगळ्यात जास्त वेळ बोललो.

शेजारच्या आजी दरवर्षी आमच्या गौरीला त्यांच्या कुंडीतला मोगरा पाठवतात. आजोबा गेल्यापासून स्वतः येत नाहीत. बोलावलं तरी ‘नंतर सवडीने येईन’ म्हणतात आणि ती सवड कधी होत नाही. माझ्या आत्याचंही तेच. मला या वेळी सगळ्यांना बोलवायचं होतं, लग्न झालेल्या, न झालेल्या, नवरा नसलेल्या, आणि सगळ्यांना सारखंच. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एक गाव एकत्र बसून एवढं ठरवू शकतं, तर आमच्या दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये ते का होऊ नये, असं मी सासूबाईंना विचारलं.

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘बोलवायचं असेल तर मी स्वतः जाऊन बोलवीन. तू फोन करू नकोस. आणि कुंकू मी लावीन, म्हणजे त्यांना अवघड वाटणार नाही.’ संध्याकाळी त्या शेजारी गेल्या आणि चांगल्या पाऊण तासाने परतल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. ‘येणार आहेत,’ एवढंच.

मजकुरात कुणाच्याही नावामागे ‘सौ.’ लावलं नाही. मजकूर असा:

‘चैत्रगौर पाळण्यात बसली आहे. शुक्रवारी १८ एप्रिलला डाळ-पन्ह्याला या. बसायला या, घाई करू नका. आपली लेक, सून, सासू, आई, मैत्रीण जी घरात असेल तिला घेऊन या.’

त्याखाली वेळ. पाच ते साडेआठमध्ये तीन गट केले: पाचचा, सव्वासहाचा, साडेसातचा. प्रत्येकीला तिची वेळ वेगळी कळवली. चाळीसजणी एकदम आल्या तर उभ्यानेच खाणं होतं, चौदा-पंधराजणी असल्या तर सगळ्यांना बसता येतं आणि एकमेकींचं बोलणं ऐकू येतं. गट करताना वयं मिसळली. लेकीच्या मैत्रिणी आजीच्या भिशीमंडळाबरोबर, माझ्या ऑफिसातल्या दोघी सोसायटीतल्या नव्या बिऱ्हाडाबरोबर. प्रत्येक गटात कुणाशीही बोलेल अशी एक तरी बाई पाहिजे, हे मुद्दाम पाहिलं.

१२ एप्रिल, शनिवार

चैत्रांगण. या प्रकल्पातला मला सगळ्यात आवडलेला भाग.

चैत्रात दारापुढे किंवा देवापुढे काढायची ही रांगोळी: मध्ये पाळण्यातली गौर, भोवती तुळशीवृंदावन, गोपद्मं, शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र, कासव, नाग, हत्ती, मोर, गुढी, कलश, आंबा, आरसा, फणी, करंडा. घरोघरी चिन्हांची संख्या वेगळी. सासूबाईंना सगळी पाठ आहेत, मला निम्मी येतात, लेकीला आत्तापर्यंत पाच-सहाच येत होती.

कल्पना अशी की चैत्रांगण आम्ही काढायचं नाही, पाहुण्यांनी काढायचं. प्रत्येकीने एक चिन्ह. दिवस संपेल तेव्हा सगळ्यांच्या हातांनी मिळून ते पूर्ण झालेलं असेल. काहीतरी करायला असलं की नवखी बाईसुद्धा मोकळी होते, आणि हात कामात असताना गप्पा आपोआप सुरू होतात. वाळवणं घालताना, गव्हल्या करताना आपल्याकडे हे नेहमी पाहिलेलं आहे.

अडचणी दोन. पहिली, खाली वाकून काढणं बऱ्याचजणींना जमत नाही. म्हणून चार बाय चार फुटांची प्लायची फळी आणून जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. खुर्चीत बसून, उभं राहून, कसंही काढता येतं. दुसरी अडचण पंखा. एप्रिलात पंखा बंद ठेवून माणसं बसवता येत नाहीत आणि पंख्याखाली रांगोळी टिकत नाही. शिरगोळ्याच्या रांगोळीने करून पाहिलं, ती कडेला जाऊन बसली. मग तांदळाची पिठी भिजवून, पातळ करून काडीने काढून पाहिलं. वारली चित्रं अशीच असतात, गेरूवर तांदळाच्या पिठीचा पांढरा. ओली असताना रेघ दिसतच नाही, वाळली की झळकते. थोडा डिंक मिसळला की नंतर पिठी उडत नाही.

फळीला लेकीने गेरूचे दोन हात दिले, गेरूत थोडा फेव्हिकोल घातला म्हणजे साडीला लागणार नाही. मध्ये सासूबाईंनी फक्त पाळणा आणि गौर काढली. भोवती खडूने पुसट चौकोन आखले. शेजारी चिन्हांची चित्रं असलेली एक वही उघडी ठेवायची, ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. काढायला बांबूच्या काड्या, टोक ठेचून कुंचल्यासारखं केलेल्या.

१३ एप्रिल, रविवार

बसायच्या जागेची तालीम. सोफा भिंतीला होता, तो काढून आतल्या खोलीत नेला. जागा एकदम मोकळी झाली. आता भिंतीलगत सतरंज्या, वर पांढऱ्या चादरी, लोड-तक्के. त्यांच्या मागच्या रांगेत खुर्च्या आणि दिवाण. गुडघे दुखणाऱ्यांना खाली बसवायचं नाही आणि त्यांना एकटं बाजूलाही ठेवायचं नाही. म्हणून रांग अर्धगोल, गौर मध्यभागी, खुर्च्या आणि सतरंज्या एकमेकींच्या जवळ. सगळ्यांच्या नजरा एकमेकींना भेटतात ना, हे चौघींनी चार जागी बसून पाहिलं.

उजेड. सात वाजायच्या सुमाराला सूर्य मावळतो, तोवर बाल्कनीतून ऊन थेट हॉलमध्ये. त्यासाठी वाळ्याचा पडदा लावला. पाणी मारलं की गारवा आणि वास दोन्ही. सूर्य गेला की ट्यूबलाइट लावायची नाही. दोन समया, बाल्कनीत रोवळीचा दिवा, कोपऱ्यात एक पिवळा बल्ब भिंतीकडे तोंड करून. ट्यूबलाइटखाली माणसं घड्याळ बघतात, पिवळ्या उजेडात रेंगाळतात. समया पदर लागणार नाहीत अशा, आराशीच्या दोन टोकांना, पायरीच्या मागे.

चपलांसाठी जिन्याजवळ रिकामं कपाट आणि बसून चप्पल काढायला एक स्टूल. छोटी गोष्ट आहे, पण बसून चप्पल काढलेली बाई लगेच उठत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

डाळीची चाचणी. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, निथळून, मिक्सरमध्ये थांबत थांबत जाडसर. पाण्याचा थेंब नाही. कैरीचा किस, ओलं खोबरं, हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर, कोथिंबीर. फोडणीत मोहरी, हिंग, हळद, सुक्या लाल मिरच्या. फोडणी गार करूनच घालायची. मीठ आणि कैरी एकत्र आली की पाणी सुटतं, आणि उन्हाळ्यात कालवलेली डाळ दोन-तीन तासांत वास सोडते. म्हणून वाटलेली डाळ कोरडी, मिठाशिवाय फ्रिजमध्ये. कैरीचा किस वेगळा. प्रत्येक गट यायच्या दहा मिनिटं आधी तेवढीच कालवायची. सव्वा किलो डाळ पुरेल.

१७ एप्रिल, गुरुवार

रात्री सव्वा किलो हरभरे भिजत टाकले. ओटीसाठी. वाळा स्वच्छ धुऊन मलमलच्या पुरचुंडीत बांधून पाण्याच्या माठात सोडला. सरबताचं पाकातलं सार तयार.

ओल्या हरभऱ्यांची पिशवी हा माझा जुना सल होता. पर्समध्ये पाणी गळतं, प्लास्टिक वाढतं. त्यावर द्रोणावर द्रोण उपडा ठेवून केळीच्या सोपटाने बांधायचा पुडा केला. हरभरे फडक्यावर टिपून घेतले की गळत नाहीत. पुड्याच्या गाठीत मोगऱ्याची एक कळी आणि वाळ्याच्या चार काड्या. वाळा कपाटात साड्यांमध्ये ठेवता येतो, हेच वाण. लेक आणि तिच्या मैत्रिणी उद्या दुपारी पुडे बांधणार आहेत.

आराशीचा फराळ आज झाला: रव्याचे लाडू, करंज्या, चकल्या, शंकरपाळे. लाडू दोन आकारांत वळले. लहान लाडू वरच्या पायरीवर, मूर्तीच्या जवळ, म्हणजे गौर मोठी दिसते.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सहाला जाऊबाई आल्या. त्यांच्या हाताला जी कला आहे ती आमच्या कुणाच्याच नाही. कलिंगडाचं कमळ त्यांनी बघता बघता कोरलं: साल पातळ काढून, पांढऱ्या थरातून लालपर्यंत पाकळ्या, म्हणजे पाकळीचं टोक पांढरं आणि बुड लाल. काकडीची वेलबुट्टी, तोतापुरीचे घोस, मध्ये आंब्याची पालवी. दुपारी चारपर्यंत कमळावर ओलं फडकं होतं. त्यांनी दिव्यांच्या माळेचा हट्ट सोडला होता, पण माळेऐवजी मोगऱ्याच्या सरी सुपांवरून सोडायची कल्पना त्यांचीच, आणि आराशीला खरी शोभा तिनेच आणली.

पाचचा गट. पहिल्या दोघी-तिघी आत आल्या, दारातल्या घंगाळापाशी थांबल्या, वाकून वास घेतला, आणि आवाज आपोआप खाली आले. लेकीने गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडलं, मनगटाला अत्तर लावलं. मग सगळ्या बसल्या. खाणं लगेच दिलं नाही. आधी फक्त वाळ्याचं पाणी. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी हवं असतं, आणि ताट हातात आलं की निघायची वेळ झाली असं वाटतं, म्हणून डाळ-पन्हं पंधरा-वीस मिनिटांनी.

चैत्रांगणाकडे आधी कुणी वळेना. ‘मला नाही बाई येत’ असं सगळ्याच म्हणत होत्या. मग भिशीमंडळातल्या एक काकू उठल्या आणि त्यांनी हत्ती काढला, अंबारीसकट. ओली रेघ दिसत नाही म्हणून सगळ्या तो वाळायची वाट बघत उभ्या राहिल्या. हत्ती उमटला आणि मग काड्या कमी पडायला लागल्या. ऑफिसातल्या दोघींपैकी एक मूळची तमिळनाडूची, तिने विचारलं, ‘आमच्याकडचं कोलम चालेल?’ तिने ठिपके देऊन कमळ काढलं आणि सासूबाईंनी तिच्याकडून ते शिकून घेतलं.

सव्वासहाच्या गटात शेजारच्या आजी आल्या. पांढऱ्या चिकनच्या साडीत, हातात मोगऱ्याची परडी. दाराशी जरा थांबल्या. सासूबाई पुढे झाल्या, त्यांचा हात धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि ओटीचा पुडा दिला. बोलल्या काहीच नाहीत. आत्याही याच गटात होती. तिलाही तसंच. खोलीत कुणी त्याकडे वेगळं पाहिलं नाही, गप्पा चालू राहिल्या. आजींनी तुळशीवृंदावन काढलं. त्यांचा हात कापतो, म्हणून माझ्या लेकीने फळी घट्ट धरली होती.

उखाण्यांचा नियम या वेळी बदलला होता. नवऱ्याचंच नाव घ्यायचं असं नाही, ज्या माणसाचं नाव घ्यावंसं वाटेल त्याचं घ्यायचं. लेकीच्या मैत्रिणींनी सुरुवात केली. एकीचा मी लिहून घेतला:

मोगऱ्याच्या गजऱ्याला वाळ्याची जोड,
आईचं नाव घेते, कैरी आंबट, गूळ गोड.

आत्याने तिच्या शाळेतल्या बाईंचं नाव घेतलं. कुणी मैत्रिणीचं, कुणी बहिणीचं, एका नव्या नवरीने लाजत नवऱ्याचंही. ज्यांना नाव घ्यायला नवरा नाही किंवा घ्यायचंच नाही, त्यांनाही खेळात जागा मिळाली, आणि उखाणे लांबत गेले.

साडेसातचा गट समयांच्या उजेडात. या गटाला डाळ पुन्हा ताजी कालवली. शुक्रवार करणाऱ्या तिघीही याच वेळी आल्या, त्यांना वाळ्याचं सरबत, कलिंगड आणि लाडू. आपल्यासाठी वेगळं लक्षात ठेवलं याचं त्यांना फार वाटलं. फोटो भरपूर निघाले, पण गौरीपेक्षा चैत्रांगणाच्या फळीशेजारी, आपापल्या चिन्हावर बोट ठेवून.

सव्वासहाच्या गटातल्या चौघी साडेसातच्या गटातही बसूनच होत्या. त्यांना उठा म्हणायचं नाही असं आधीच ठरलं होतं, म्हणून चार जास्तीच्या पाटांची सोय ठेवली होती. शेवटच्या बायका नऊनंतर निघाल्या.

१९ एप्रिल, शनिवार

आवराआवर. खणांचे टाके काढून घड्या केल्या. द्रोण सोसायटीच्या खतखड्ड्यात. आराशीचा फराळ सकाळी कामाला येणाऱ्या मावशींना आणि वॉचमनकाकांच्या घरी दिला.

हिशेबाच्या नोंदी. डाळ बरोबर पुरली. पन्हं दोन-अडीच लिटर उरलं, जिऱ्याच्या पन्ह्याला मात्र गोडाइतकीच मागणी आली, पुढच्या वेळी एकूण पन्ह्यातलं निम्मं जिऱ्याचं करावं. वाळ्याचं सरबत दुप्पट लागेल. बांबूच्या काड्या पंधरा तरी हव्यात. वाळा कसा ठेवायचा हे प्रत्येकीने विचारलं, म्हणून पुड्यात एका ओळीची चिठ्ठी असावी: उन्हात वाळवून कपड्यांत ठेवा. फोनवर आलेल्या निरोपांत सजावटीचं कौतुक आहेच, पण जास्त वेळा आलेलं वाक्य ‘किती दिवसांनी अशा बसलो’ हे आहे.

सासूबाईंनी चैत्रांगणात राहिलेले दोन चौकोन भरले, करंडा आणि फणी. फळी अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे ३० तारखेपर्यंत, गौरीजवळच राहील.

२२ एप्रिल, मंगळवार

सोसायटीतल्या नव्या बिऱ्हाडातल्या वहिनी सकाळी आल्या. येत्या शुक्रवारी त्यांच्याकडे हळदीकुंकू आहे, त्यांना सुपं, टोपल्या, रोवळी आणि काचेचे पेले हवे आहेत. सगळं दिलं. त्यांच्या फळीला गेरू द्यायला लेक दुपारी गेली आहे. त्यांचा हॉल आमच्याहून लहान आहे, म्हणून दोन ऐवजी एकच समई आणि खुर्च्यांची रांग पॅसेजकडे, असं दोघींनी मिळून ठरवलं. शेजारच्या आजींना बोलवायला त्या स्वतः गेल्या होत्या. त्यांच्याकडे पंचवीसजणी यायच्या आहेत, म्हणून प्रमाण कमी करून वहीचं पान फाडून दिलं: डाळ पाऊण किलो, पन्ह्याला कैऱ्या किलोभर, हरभरे पाऊण किलो, द्रोण शंभर.